डॉक्टरांचे अक्षर

शाळेत मुलाचे अक्षर वाईट असले, तर त्याचे दोन-चार गुण जातात. डॉक्टरांचे अक्षर वाईट असले, तर त्यांचा आदर वाढतो. हा न्याय कोणी आणि केव्हा ठरवला कोण जाणे. पण आपण सर्वांनी तो बिनतक्रार मान्य केला आहे. गेली वीस-बावीस वर्षे मी मुलांना कित्ता गिरवायला लावतो आहे. शिरोरेषा सरळ हवी, काना उभा हवा, दोन शब्दांत बोटभर अंतर हवे, असे रोज बजावतो. आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानात जावे, तर गावातला सर्वांत शिकलेला माणूस कागदावर कोंबडीचे पाय उमटवून मोकळा झालेला दिसतो. मुले हे पाहतात आणि मनात काय ते समजतात.

आता हा जुना विनोद संपत आला आहे. कागदाच्या चिठ्ठीची जागा हळूहळू संगणकाची चिठ्ठी घेत आहे. ह्या बदलाचे हिशेबी फायदे-तोटे सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी वैद्यकातला नाही आणि यंत्रविद्येतलाही नाही. माझा धंदा अक्षरांचा; दिवसा मुलांची तपासायची आणि रात्री कादंबरीच्या निमित्ताने स्वतःची खरडायची. म्हणून मला पडणारा प्रश्न जरा निराळा आहे. ज्या शब्दावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्या शब्दाची जबाबदारी कोणाची? लिहिणाऱ्याची, वाचणाऱ्याची, की तो कागद मुठीत धरून एका दारातून दुसऱ्या दारात जाणाऱ्याची? आणि अक्षर सुधारले म्हणजे हा प्रश्न सुटतो का?

आपल्या लोकांना ह्या प्रश्नाची ओळख फार जुनी आहे. जैमिनीच्या अश्वमेधातील चंद्रहासाची कथा पूर्वी घरोघर सांगितली जात असे. दुष्टबुद्धी प्रधान ह्या पोराच्या हातीच आपल्या मुलाला पत्र पाठवतो, की पत्र आणणाऱ्याला ‘विष द्यावे’. चंद्रहास बिचारा ते पत्र जपून घेऊन निघतो, वाटेत बागेत झोपी जातो, आणि प्रधानाची कन्या विषया डोळ्यातल्या काजळाने एक अक्षर वाढवते. ‘विष’ची ‘विषया’ होते आणि मरणाच्या जागी लग्न लागते. दुसरी कथा ह्याच्या उलट. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ असा मूळ हुकूम होता आणि कोणी तरी ‘ध’चा ‘मा’ केला, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ती आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तिने मराठी भाषेला एक वाक्प्रचार दिला आणि एक भीतीही दिली: एका अक्षराने माणूस मरतो.

चंद्रहासाच्या गोष्टीत मला नेहमी त्या झोपेचे वाटते. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे ज्याला मुळीच ठाऊक नाही, असा माणूस स्वतःचे भवितव्य स्वतःच्याच कनवटीला बांधून निर्धास्त चालला आहे. औषधाची चिठ्ठी घेऊन पायरी उतरणारा प्रत्येक रोगी असाच चंद्रहास असतो. फरक एवढाच की त्याच्या पत्रात कोणाची दुष्टबुद्धी नसते; असलीच तर घाई असते. पण घाईलाही ‘ध’चा ‘मा’ करता येतो.

१९९५ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ते घडले. बेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थाला छातीत कळा येत. डॉक्टरांनी ‘आयसॉर्डिल’ नावाचे औषध लिहून दिले. वीस मिलिग्रॅमची गोळी, दर सहा तासांनी. दुकानातल्या औषधतज्ज्ञाने ते ‘प्लेंडिल’ असे वाचले. प्लेंडिल हे रक्तदाबाचे औषध, आणि त्याची दिवसाची कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम. रोग्याच्या पोटात दिवसाला ऐंशी जाऊ लागले. काही दिवसांतच तो मनुष्य दगावला. १९९९ साली ज्यूरीने निकाल दिला, साडेचार लाख डॉलरची भरपाई ठरवली, आणि त्या निकालातली महत्त्वाची गोष्ट अशी की डॉक्टर आणि औषध देणारा अशा दोघांनाही जबाबदार धरले. लिहिणाऱ्याने नीट लिहिले नाही हा एक दोष. आणि मात्रा इतकी अवाच्या सवा दिसत असताना वाचणाऱ्याने थांबून विचारले नाही, हा दुसरा. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. शब्द दोघांच्या मध्ये असतो. त्याचे ओझेही दोघांच्या खांद्यावर असते.

मास्तरकीमुळे मला वाईट अक्षराचे एक गुपित कळले आहे. सगळेच वाईट अक्षर घाईचे नसते. पहिली वेलांटी की दुसरी, हे ज्या मुलाला ठाऊक नसते, तो दोहोंच्या मधली अशी एक वेलांटी काढतो, की तपासणाऱ्याने तिला हवी ती समजावी. त्याचे अज्ञान त्या वेलांटीच्या आडोशाला सुखाने बसते. दुर्बोध अक्षर हा असा आडोसा आहे. डॉक्टर तो मुद्दाम घेतात असे मी म्हणत नाही. साठ-सत्तर रोगी ताटकळत बसले असताना कोणाचेही अक्षर वाकडे होईल. पण आडोसा मुद्दाम बांधलेला नसला तरी त्याच्यामागे उभे राहता येतेच. चिठ्ठी वाचता येत नाही म्हटल्यावर रोगी विचारीत नाही, शेजारचा दुसरा डॉक्टर तपासू शकत नाही, आणि पुढे काही विपरीत झाले तर ‘मी असे लिहिलेच नव्हते’ म्हणायला जागा राहते.

ह्या आडोशाला परंपरेचे छप्परही आहे. चिठ्ठीच्या डोक्यावर ‘आर’ अक्षराच्या पायाला तिरकी रेघ मारलेले जे चिन्ह असते, ते लॅटिन ‘रेसिपे’चे संक्षिप्त रूप. त्याचा अर्थ ‘घे’. म्हणजे चिठ्ठीचा पहिला शब्दच आज्ञार्थी. पुढचे ‘बी.डी.’, ‘टी.डी.एस.’, ‘एच.एस.’ हेही लॅटिनच: दिवसातून दोनदा, तीनदा, झोपतेवेळी. रोमन साम्राज्य लयाला गेले, पण आमच्या तालुक्यातल्या आजीबाईंच्या खोकल्यावर त्याची सत्ता अजून चालते. तेव्हा समजावी म्हणून कोणी ही भाषा घडवली नव्हती. ती आपसांतली भाषा होती. त्या मानाने ‘१-०-१’ ही आपल्याकडची पद्धत मला थोर वाटते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आकडे ओळखणाऱ्या कोणालाही ती कळते.

आपल्याकडे १९४५ च्या औषधविषयक नियमांनी चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची नेहमीची सही आणि तारीख असावी, रोग्याचे नाव-पत्ता आणि औषधाची मात्रा असावी, असे घालून दिले. औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, हे शब्द वैद्यकीय परिषदेच्या आचारनियमांत आले ते २०१६ साली. (आपल्या देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही, तिथे सगळीच अक्षरे एका उंचीची. पण चिठ्ठ्या देवनागरीत लिहितो कोण?) पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयापुढे जामिनाचा एक अर्ज आला. त्यातला वैद्यकीय अहवाल न्यायमूर्तींनी हाती घेतला, तर एक शब्द लागेना. त्यावरून न्यायालयाने सांगितले, की वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दोन वर्षांत संगणकाच्या चिठ्ठ्या सुरू कराव्यात, तोवर मोठ्या लिपीत लिहावे, आणि वैद्यकाच्या अभ्यासक्रमात सुवाच्य लेखनाचे धडे घालावेत. हे वाचून माझ्यातल्या मास्तराला किती बरे वाटले, ते काय सांगू! कित्ता शेवटी वैद्यकाच्या वर्गापर्यंत पोहोचला.

इतर देश ह्या वाटेने पुढे गेले आहेत. अमेरिकेतील वैद्यकीय संस्थेच्या २००६ च्या अहवालाने औषधांच्या चुकांमुळे त्या देशात दरसाल निदान पंधरा लाख लोकांना इजा होते असे सांगितले आणि २०१० पर्यंत सगळ्या चिठ्ठ्या संगणकावर याव्यात अशी शिफारस केली. एस्टोनिया ह्या चिमुकल्या देशाने १ जानेवारी २०१० पासून ती पद्धत सुरू केली. तिथे डॉक्टर लिहितात ते एका मध्यवर्ती साठ्यात जाते. रोग्याने देशातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात जाऊन ओळखपत्र दाखवायचे, की झाले. २०१९ पासून फिनलंडमधील चिठ्ठीवर एस्टोनियात औषध मिळू लागले. जर्मनीत सरकारी विमा योजनेतल्या रोग्यांची पिढ्यांची ओळखीची गुलाबी चिठ्ठी १ जानेवारी २०२४ पासून मागे पडली. आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, दूरवरून उपचार करण्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि सही केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्रही चालू लागले. त्यामुळे आपली संगणकाची चिठ्ठी म्हणजे पुष्कळदा त्याच कोंबडीच्या पायांचा मोबाइलवर काढलेला फोटो असतो. पण शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत खरोखरीची छापील चिठ्ठी हाती पडू लागली आहे, आणि ती वाचता येते ह्यात शंका नाही.

तेव्हा जुन्या कागदासाठी मी अश्रू ढाळणार नाही. ज्या चिठ्ठीने माणसे दगावली ती गेली तर जावी. पण अक्षर सुधारले म्हणजे सगळे साधले, असे मानणाऱ्यांसाठी एक दुसरी हकिकत सांगितली पाहिजे.

२०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोतील एका विद्यापीठ रुग्णालयात सोळा वर्षांचा एक मुलगा दाखल होता. त्याला एका नेहमीच्या जंतुनाशकाची एक गोळी द्यायची होती, १६० मिलिग्रॅमची. संगणकाच्या ज्या रकान्यात डॉक्टरीणबाईंनी १६० हा आकडा भरला, तो रकाना ‘वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅम’ असा होता. मुलाचे वजन ३८.६ किलो. यंत्राने चोख गुणाकार केला आणि साडेअडतीस गोळ्यांचा हुकूम काढला. पडद्यावर धोक्याची सूचना आली. पण अशा सूचना दिवसभर इतक्या येतात, की ती डॉक्टरीणबाईंनी बाजूला सारली आणि औषधतज्ज्ञानेही सारली. यंत्रमानवाने गोळ्या बांधल्या. त्याला आश्चर्य वाटण्याची सोयच नाही. परिचारिकेला मात्र वाटले. इतक्या गोळ्या कशा, असे तिच्या मनात आले. पण तिने वेष्टनावरच्या रेघा यंत्राला दाखवल्या आणि यंत्राने सांगितले, बरोबर आहे. मुलाने एकेक करून साऱ्या गोळ्या गिळल्या. पुढे त्याला झटका आला. नशिबाने तो वाचला. रॉबर्ट वॉक्टर नावाच्या डॉक्टरांनी २०१५ साली आपल्या पुस्तकात हे सारे तपशीलवार लिहिले आहे.

ह्या दोन हकिकती शेजारी ठेवून पाहाव्यात. टेक्सासात शब्द वाचता आला नाही म्हणून घात झाला. सॅन फ्रान्सिस्कोत आकडा लख्ख वाचता येत होता तरी झाला. पहिल्यात दोष अक्षराचा, दुसऱ्यात दोष यंत्राच्या रकान्याचा, असे आपण म्हणू. पण दोन्हींच्या मुळाशी एकच उणीव आहे. ज्याने विचारायला हवे होते त्याने विचारले नाही. वेडेवाकडे अक्षर माणसाला म्हणते, ‘तुला कळणार नाही’; छापील अक्षर म्हणते, ‘तुला कळण्याची गरज नाही, सगळे तपासलेले आहे.’ दोहोंपुढे माणूस सारखाच गप्प बसतो. किंबहुना छापील अक्षराचा दरारा अधिक. वहीतली चूक पोरे हसत हसत दाखवतात. तीच चूक पुस्तकात छापून आली, तर पाठ करून टाकतात.

कागदाच्या दिवसांत कंपाउंडर नावाचा एक मनुष्य असे. घरून धुऊन नेलेल्या बाटलीत तो लाल मिक्श्चर भरी आणि कागदाची पट्टी कातरीने खाचा पाडून बाटलीला खळीने चिकटवून देई. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरशत्रू म्हातारीलाही त्या खाचा वाचता येत. दुर्बोध अक्षर ओळखता ओळखता तो कधी खिडकीतून आत डोकावून ‘साहेब, हे दोन का तीन?’ असे विचारीत असे. ती पद्धत आदर्श होती असे नाही. त्यात किती चुका होऊन गेल्या त्याची मोजदादही कोणी ठेवली नाही. पण वाईट अक्षरामुळे का होईना, मधल्या माणसाला विचारावे लागे. सुवाच्य चिठ्ठीत ती गरज उरत नाही. म्हणून पूर्वी जे नाइलाजाने घडत होते, ते ह्यापुढे कर्तव्य म्हणून करावे लागेल. नाइलाज आणि कर्तव्य ह्यांत नीतीचे सारे अंतर आहे.

आणि त्या तिसऱ्या माणसाचे काय? ज्याच्या पोटात औषध जायचे, त्याचे? छापील असली तरी चिठ्ठी इंग्रजीच. आजींच्या दृष्टीने कोंबडीचे पाय गेले आणि त्यांच्या जागी मुंग्यांची रांग आली, इतकेच. त्यात आता चिठ्ठी मोबाइलवर येते. मोबाइल नातवाच्या खिशात असतो आणि नातू पुण्याला असतो. पूर्वी निदान कागद तरी आजींच्या उशाखाली असे. न्यायालयाने म्हटलेला ‘वाचता येईल अशी चिठ्ठी’ हा हक्क कोणाचा, हे आपण स्वतःशी नीट ठरवले पाहिजे. तो फक्त दुकानदाराचा आणि यंत्राचा असेल, तर आजींना त्यातून काही मिळाले नाही. रोग्याला कळेल अशा भाषेत औषधाचे नाव, ते कशासाठी, किती दिवस, हे चार शब्द छापणे यंत्राला कठीण नाही. कठीण आहे ते आपण मनावर घेणे.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. ‘अक्षर’ म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. कागदाची चिठ्ठी ह्या अर्थाने कधीच अक्षर नव्हती. तिला वाळवी लागे, ती धोब्याकडे जाई, तिच्यात कोणी शेंगदाणे बांधी. त्या नाशात एक दयाही होती. विसाव्या वर्षी मनाच्या आजारावर घेतलेले औषध चाळिसाव्या वर्षी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नसे. संगणकातली चिठ्ठी मात्र खरोखरीची अक्षर आहे. पुढच्या डॉक्टरला ती उपयोगी पडेल हे खरे. पण नोकरी देणाऱ्याने किंवा सोयरीक जुळवणाऱ्याने ती पाहिली तर? खासगी माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे. पण कायदा कुलूप देतो. दुसऱ्याचे कपाट उघडू नये हे घरात शिकवावे लागते.

सारांश, यंत्राने अक्षर सुधारावे, जरूर सुधारावे. त्याने आपल्या हातून एक सबब काढून घेतली आहे, आणि हा त्याचा सर्वांत मोठा उपकार. ‘वाचता आले नाही’ असे आता कोणाला म्हणता येणार नाही. डॉक्टरांना नाही, दुकानदाराला नाही, आपल्यालाही नाही. मात्र विचारणे आणि विचारलेल्याला न रागावता उत्तर देणे, ही दोन कामे यंत्राच्या वाट्याला गेलेली नाहीत. ती अजून आपलीच आहेत.

दिवाळीची झाडलोट करताना पुष्कळ घरांत कपाटाच्या कोपऱ्यात बिस्किटांचा एक डबा सापडतो. त्यात जुन्या चिठ्ठ्या, अर्धवट फाटलेली गोळ्यांची पाकिटे आणि कशावर होत्या ते कोणालाच न आठवणाऱ्या पुड्या असतात. तो डबा ह्या वर्षी नुसता झटकून परत ठेवू नये. चिवडा-लाडवांच्या ताटाभोवती सगळे घर जमले असताना अर्धा तास काढावा आणि वडीलधाऱ्यांसह त्यांची औषधे वाचावीत. कोणती गोळी कशासाठी, कोणी सांगितली, किती दिवस, अजून लागते का? आपल्या मनाने कोणतीही बंद करू नये; पण ज्या प्रश्नाचे उत्तर घरात कोणालाच देता येत नाही, तो कागदावर लिहावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हाती द्यावा. आजवर त्यांनी आपल्याला चिठ्ठ्या दिल्या. एखादी आपण त्यांना द्यायला हरकत नाही. फक्त ती सुवाच्य अक्षरात असावी.